एन्लार्जर फोकसला लावताना : कामाच्या नोंदी

८ जुलै

३५ मि.मी.चा जुना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, साफ करून टेबलावर बसवला. कंडेन्सरचा (बल्बचा उजेड निगेटिव्हवर एकवटणाऱ्या भिंगांचा) आहे, बल्ब ७५ वॉटचा, निगेटिव्ह कॅरियर (निगेटिव्ह धरणारी चौकट) बिनकाचेचा. लेन्स ५० मि.मी., एफ/२.८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), ३९ मि.मी. आट्यांची. लेन्स उजेडात धरून बघितली: आत बुरशी नाही, छिद्र लहानमोठं करणाऱ्या पाकळ्यांवर तेल नाही. भात्याला एकही भोक नाही. आत बल्ब लावून अंधारात चारी कोपरे तपासले.

संध्याकाळी पहिली ८ × १० इंची प्रिंट काढली. डावीकडचा भाग चांगला, मधला बरा, उजवीकडे जाता जाता सगळंच मऊ पडत गेलेलं. पुन्हा उजव्या बाजूवर फोकस करून दुसरी काढली, तर डावी बाजू गेली.

प्रिंट मऊ आली की दोष कॅमेऱ्याचा की एन्लार्जरचा, हे चित्रातल्या माणसांकडे किंवा झाडांकडे बघून कळत नाही. त्यासाठी कण बघावे लागतात. चांदीचे कण फिल्ममध्येच असतात. फोटो काढताना हात हलला असेल, कॅमेऱ्याचा फोकस चुकला असेल, तरी कण टोकदारच राहतात. प्रिंटवर कण टोकदार आणि चित्र मऊ, तर एन्लार्जर निर्दोष. कणच विरघळल्यासारखे दिसले, तर दोष निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये कुठेतरी आहे. भिंगाखाली बघितलं: डावीकडे कण स्वच्छ, उजवीकडे नुसता राखाडी लगदा. म्हणजे काम एन्लार्जरचंच आहे.

१० जुलै

हत्यारं काढण्याआधी आकडेमोड. कुठे किती चूक चालते हे माहीत नसेल, तर माणूस भलत्याच जागी मेहनत घालतो.

लेन्सचं नाभीय अंतर ५० मि.मी. चित्र ८ पट मोठं करायचं, तर निगेटिव्ह ते लेन्स हे अंतर ५० × (१ + १/८), म्हणजे ५६.२५ मि.मी. लागतं, आणि लेन्स ते कागद ५० × (१ + ८), म्हणजे ४५० मि.मी. तेच ५ पट केलं, तर ६० आणि ३०० मि.मी. ५ पटींवरून ८ पटींवर जाताना निगेटिव्ह आणि कागद यांच्यातलं अंतर ३६० वरून ५०६ मि.मी. होतं, जवळजवळ १५ सें.मी. वाढतं. लेन्सला मात्र निगेटिव्हकडे पावणेचार मि.मी.च सरकावं लागतं. फोकसचा नॉब एवढा नाजूक का वाटतो याचं उत्तर इथे मिळतं.

आता सूट किती ते बघू. हातात धरून बघायच्या प्रिंटवर ०.१ मि.मी.पर्यंतचा धूसर ठिपका डोळ्याला टोकदारच वाटतो असं धरलं. कागद फोकसच्या खऱ्या पातळीपासून वर किंवा खाली किती सरकला तरी चालेल, तर ०.१ × एफ-आकडा × (पट + १). ८ पटींना, लेन्स एफ/२.८ वर पूर्ण उघडी असताना, ही सूट अडीच मि.मी. येते. एफ/८ वर ७.२ मि.मी. कागदाची स्वतःची जाडी पाव मि.मी.च्या आसपास असते. म्हणून ग्रेन फोकसरखाली (कागदावर पडणारे कण मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखाली) त्याच पेपरचा तुकडा ठेवायचा की नाही यावर डोकं शिणवायचं कारण नाही. ठेवावा, सवय चांगली आहे. पण फरक दिसणार नाही.

निगेटिव्हच्या बाजूला हीच सूट पटीच्या वर्गाने भागली जाते. ८ × ८ = ६४. एफ/२.८ वर उरतात ०.०४ मि.मी., एफ/८ वर ०.११ मि.मी. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मि.मी. असते. म्हणजे खाली ईझलवर (कागद धरणाऱ्या चौकटीवर) जाड पुठ्ठा सरकवला तरी निभावतं आणि वर निगेटिव्हखाली एक कागद सरकला की संपलं. सगळी मेख इथे आहे. माझ्यासकट बहुतेकांचं लक्ष ईझलकडे आणि बेसबोर्डकडे (एन्लार्जरच्या तळफळीकडे) जातं, कारण चित्र तिथे दिसतं. राखायची जागा मात्र वर, निगेटिव्ह आणि लेन्स यांच्यामध्ये आहे.

१३ जुलै

चाचणीसाठी निगेटिव्ह बनवली. फिल्मचा एक तुकडा उजेडात काळा करून पूर्ण डेव्हलप केला, फिक्स केला, वाळवला. इमल्शनच्या, म्हणजे चांदीचे कण असलेल्या, बाजूने बारीक सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. पार कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत फुल्या. काळ्यावर पांढऱ्या रेघा इतक्या कडक दिसतात की फोकस लागला की नाही यावर वादच उरत नाही. नेहमीच्या निगेटिव्हमध्ये कोपऱ्यात बहुधा आकाश नाहीतर सावली असते, आणि तिथले कण शोधताना डोळे दुखून येतात.

रेघा इमल्शनवरच हव्यात, पाठीमागच्या बाजूने नाही. फिल्मची जाडी ०.१३ मि.मी.च्या आसपास, आणि परवाच्या हिशोबाने तेवढाच फरक आपल्याला पकडायचा आहे.

१४ जुलै

चाचणीची निगेटिव्ह लावली, ८ पट, लेन्स पूर्ण उघडी. ग्रेन फोकसर ईझलच्या डाव्या कडेला ठेवून तिथल्या रेघा टोकदार केल्या. नॉबला हात न लावता फोकसर उजव्या कडेला नेला. रेघा दिसेनात. फोकसरखाली प्लायच्या पट्ट्या आणि पुठ्ठ्याचे तुकडे रचत गेलो, तेव्हा २० मि.मी. उंचीवर रेघा परत टोकदार झाल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी: साधा लहान आरशाचा फोकसर कडेला नीट चालत नाही. तिथे किरण तिरपे येतात आणि आरशातून निसटतात. मोठा, तिरका करता येणारा आरसा असलेला फोकसर लागतो. तो नसेल, तर रेघांची प्रिंट काढून भिंगाखाली बघणं हाच खात्रीचा मार्ग. वेळ जातो एवढंच.

उजव्या कडेला चित्र ईझलच्या २० मि.मी. वर तयार होतंय, म्हणजे तिथे लेन्सपासून चित्राचं अंतर कमी पडतंय. ते कमी, याचा अर्थ निगेटिव्हची ती बाजू लेन्सपासून जरा जास्त लांब आहे. आणि चित्र उलटं पडतं, म्हणून ईझलची उजवी म्हणजे निगेटिव्हची डावी. २० भागिले ६४, म्हणजे ०.३१ मि.मी. निगेटिव्हच्या ३६ मि.मी. लांबीत हा फरक अर्ध्या अंशाचा कल दाखवतो.

नुसत्या डोळ्यांना अर्धा अंश दिसत नाही. वरून, बाजूने, पट्टी लावून बघितलं. सगळं सरळच वाटतं.

निगेटिव्ह तिरकी आहे की लेन्स, हे मात्र या चाचणीतून कळत नाही. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच असतो.

१८ जुलै

स्पिरिट लेव्हल लावून बघितली होती, पण तिची बारकाई इथे पुरत नाही. शिवाय टेबल जमिनीला समांतर आहे की नाही याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. फक्त तीन पातळ्या एकमेकींना समांतर हव्यात: निगेटिव्ह, लेन्स, कागद. दोन आरशांची पद्धत चांगली आहे. एक आरसा बेसबोर्डवर, दुसरा मधोमध भोक पाडलेला लेन्सच्या जागी, आणि भोकातून बघायचं. प्रतिबिंबांची रांग एका मध्यावर बसली की दोन्ही समांतर. मी लेसर वापरला, कारण त्यात आकडा मिळतो.

लहान लेसर एका सपाट बुडाच्या ठोकळ्यात वर तोंड करून बसवला. आधी तो स्वतः उभा आहे ना हे बघितलं: एन्लार्जरचं डोकं बाजूला फिरवून ठोकळा बेसबोर्डवर जागच्या जागी गोल फिरवायचा. छतावरचा ठिपका वर्तुळ काढत असेल तर लेसर तिरका आहे. वर्तुळ आक्रसून ठिपका एका जागी थांबेपर्यंत ठोकळ्यातले स्क्रू फिरवत राहायचं. हे काम चिकाटीचं आहे, पण लेसर उभा नसेल तर पुढचे आकडे बेसबोर्डशी ताडता येत नाहीत. किरणाकडे थेट बघायचं नाही; परतलेला ठिपका कागदावरच बघायचा.

मग लेन्स काढली. ठोकळ्यावर भोक पाडलेला पांढरा कागद ठेवला, किरण भोकातून वर जातो. निगेटिव्हच्या बैठकीवर सपाट आरसा पालथा ठेवला, तोंड खाली. परतलेला ठिपका भोकापासून जवळजवळ ९ मि.मी. लांब पडला. तोच आरसा लेन्स-प्लेटला खालून टेकवला: ठिपका भोकापासून १ मि.मी.वर.

परत येताना कल दुप्पट होतो, म्हणून अर्धा मीटर अंतरावर ९ मि.मी. म्हणजे पुन्हा तोच अर्धा अंश. दोन वेगळ्या मार्गांनी एकच आकडा आला, आता शंका नाही. लेन्स ठीक आहे, निगेटिव्हची बैठक तिरकी आहे.

तिसऱ्या पातळीचा, म्हणजे बेसबोर्डचाही हिशोब करून ठेवतो. निगेटिव्ह आणि लेन्स एकमेकींना समांतर असतील आणि अख्खं डोकं बेसबोर्डच्या तुलनेत एक पूर्ण अंश कललं असेल, तर ८ पटींच्या २८८ मि.मी. रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फरक पडतो ५ मि.मी. मध्यावर फोकस केला की दोन्हीकडे अडीच-अडीच. उघड्या लेन्सच्याही सुटीत जेमतेम बसतं. चौकटीचा आकार किंचित समलंबासारखा होईल, बाकी काही नाही. निगेटिव्ह आणि लेन्स यांच्यातला अर्धा अंश मात्र २० मि.मी. खातो. डोकं बेसबोर्डला काटकोनात बसवायला संध्याकाळ घालवण्याआधी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

१९ जुलै

कारण सापडलं. निगेटिव्ह कॅरियर ज्या प्लेटवर बसतो ती चार स्क्रूंवर आहे. डावीकडच्या दोन्ही स्क्रूंवर, प्लेटच्या खाली, ०.८ मि.मी. जाडीचे वॉशर आहेत; उजवीकडे नाहीत. दोन बाजूंच्या स्क्रूंमधलं अंतर ९० मि.मी. ०.८ भागिले ९० करून बघितलं, अर्धा अंश. वॉशर कुणी कशासाठी घातले कळायला मार्ग नाही. कदाचित मोठ्या डोक्याचा कॅरियर बसवण्यासाठी.

वॉशर काढले, बैठक घासून पुसून घेतली, वाळलेल्या रंगाचे पापुद्रे खरवडले. लेसरचा ठिपका ९ वरून २ मि.मी.वर आला, लेन्सच्या ठिपक्यापासून १ मि.मी. दूर. तोही घालवला: उजव्या स्क्रूंखाली नाही, डाव्याच एका कोपऱ्यात ०.१ मि.मी.ची पितळी पट्टी. कागदाची घडी घालून चालतं असं म्हणतात. कागद दमट हवेत फुगतो आणि स्क्रूखाली दबतो. पितळेची पट्टी एकदा घातली की विसरायची.

स्क्रू आवळल्यावर ठिपका परत तपासायचा. सैल असताना बरोबर आणि आवळल्यावर पुन्हा सरकलेला, असं होतं. दोन ठिपके एकमेकांवर बसेपर्यंत आवळणं आणि बघणं चालू ठेवलं.

जाता जाता एक मनात आलं ते लिहून ठेवतो. या तीन पातळ्यांचं नातं ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो थिओडोर शाइम्पफ्लुग ऑस्ट्रियन सैन्यातला कॅप्टन. हवेतून घेतलेल्या फोटोंतला तिरकेपणा काढणं हा त्याचा विषय, आणि त्याचं ब्रिटिश पेटंट १९०४ चं. पण त्याने स्वतःच फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतियेच्या १९०१ च्या पेटंटचा हवाला दिला आहे, आणि ते पेटंट होतं एन्लार्जरचं! उंच इमारतींच्या झुकलेल्या रेषा प्रिंट काढताना सरळ करणारा एन्लार्जर. निगेटिव्ह, लेन्स आणि कागद यांच्या पातळ्या समांतर नसतील, तर त्या एका रेषेत मिळायला हव्यात. मग चित्र सगळीकडे टोकदार राहतं. आपल्या एन्लार्जरमध्ये कल होता, पण कागद त्याला साथ देत नव्हता. ईझल चार अंश उचलला असता तर उजवी बाजूही टोकदार झाली असती, चौकट मात्र वेडीवाकडी.

२३ जुलै

चाचणीची निगेटिव्ह पुन्हा. उघड्या लेन्सला चारही कोपरे मध्याबरोबर येतात. कोपऱ्यात रेघांच्या कडा थोड्या मऊ आहेत, पण चारही कोपऱ्यांत सारख्याच. तो लेन्सचा पूर्ण उघडेपणीचा स्वभाव, एफ/५.६ ला गेला.

समाधानाने खरी निगेटिव्ह लावली, मध्यावर फोकस केला, टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळा दिलेली चाचणीची पट्टी) काढली, वेळ ठरवली, प्रिंट काढली. कडा टोकदार, मध्यभाग मऊ.

ही वेगळी गोष्ट आहे. फोकसर मध्यावर ठेवून बल्ब चालू ठेवला आणि नुसता बघत बसलो. आधी कण स्वच्छ. अर्ध्या मिनिटाच्या आत ते विरघळायला लागले आणि मग एकदम गेले. निगेटिव्ह तापून फुगते आणि जागा सोडते. बिनकाचेच्या कॅरियरमध्ये फिल्म फक्त कडांना धरलेली असते, मधला भाग मोकळा. हा फुगवटा ०.२ मि.मी. असला तरी कागदापाशी १३ मि.मी. होतो. एफ/८ सुद्धा एवढं झाकू शकत नाही.

२६ जुलै

फुगवट्यावर उपाय. पहिला फुकटचा: निगेटिव्ह आधी तापू द्यायची, फुगून स्थिर झाली की फोकस करायचा, आणि थंड व्हायच्या आत एक्स्पोजर. अडचण अशी की पेपर काढून ईझलमध्ये ठेवेपर्यंत बल्ब बंद असतो आणि निगेटिव्ह परत निवते. बल्ब चालूच ठेवून लेन्सखालचा लाल फिल्टर आडवा करून पेपर ठेवता येतो; ठेवला, बल्ब बंद केला, फिल्टर बाजूला, लगेच टायमर. जमतं. पण दरवेळी तोच क्रम, त्याच गतीने करावा लागतो, आणि लाल उजेडात पेपर जास्त वेळ राहता कामा नये. मला हा मार्ग नको वाटला. एक्स्पोजर लांबलं की निगेटिव्ह मध्येच कुठेतरी असते, पहिल्या सेकंदाला एका जागी आणि विसाव्याला दुसऱ्या.

बल्ब आणि कंडेन्सर यांच्यामध्ये उष्णता अडवणारी काच बसवली. फुगायला जास्त वेळ लागतो, थांबत नाही.

३० जुलै

काचेचा कॅरियर केला. वरची काच अँटी-न्यूटन, खालची साधी सपाट. का, तर फिल्मची पाठ गुळगुळीत असते, आणि गुळगुळीत काचेला ती जवळपास टेकली की मधल्या पातळ हवेमुळे रंगीत वलयं उमटतात, न्यूटनची वलयं. अँटी-न्यूटन काचेला अगदी बारीक खरखरीतपणा असतो, त्यामुळे ती होत नाहीत. इमल्शनची बाजू मुळातच थोडी खडबडीत, म्हणून खाली साधी काच पुरते. खाली खरखरीत काच घालूही नये. ती लेन्सच्या फोकसमध्ये येऊन आकाशासारख्या सपाट भागात तिचा पोत दिसू शकतो.

किंमत मोजावी लागते ती धुळीत. फिल्मच्या दोन बाजूंऐवजी आता सहा पृष्ठभाग. हवेचा फुगा, मऊ ब्रश, तिरप्या उजेडात तपासणी; डोळ्यात तेल घालून करायचं काम. वरच्या काचेच्या वरच्या बाजूची धूळ फोकसच्या बाहेर असते, तिचे धूसर डाग पडतात, तेही कंडेन्सरच्या कडक उजेडात जास्त उठून दिसतात.

काचेमुळे कॅरियरची उंची बदलली, म्हणून लेसर पुन्हा लावला. काचेवरून परतलेला ठिपका लेन्सच्या ठिपक्यावर बसतो. मध्य आणि चारही कोपरे, बल्ब पाच मिनिटं चालू ठेवून: कण जागचे हलत नाहीत. या एका बदलाने जेवढं मिळालं तेवढं बाकी कशाने मिळालेलं नाही.

३ ऑगस्ट

आता नॉब. नॉबच्या एका पूर्ण फेऱ्यात लेन्स १८ मि.मी. सरकते. उघड्या लेन्सची सूट ०.०४ मि.मी., म्हणजे नॉबचा ०.८ अंश. नॉबचा व्यास ३० मि.मी. असल्याने बोटाखाली हे ०.२ मि.मी. भरतं. कुणाचंही बोट एवढं नेमकं थांबत नाही. थांबतं ते नशिबाने. ९० मि.मी. व्यासाची प्लायची चकती कापून नॉबवर बसवली. आता तोच ०.८ अंश कडेला ०.६ मि.मी. होतो. तिप्पट हात मिळाला.

दाते आणि रॅक साफ करून अगदी थोडं ग्रीस. जास्त लावलं तर लेन्स-प्लेट स्वतःच्या वजनाने घसरते. घर्षणाचा स्क्रू थोडा आवळला. घसरण तपासायला सोपी रीत: फोकस लावायचा, खोलीबाहेर जाऊन यायचं, फोकसर न हलवता पुन्हा बघायचं. घसरत नाही.

फोकसवर दरवेळी एकाच दिशेने यायचं ठरवलं: लेन्स खालून वर नेत. पुढे गेलं तर पुरेसं खाली आणून परत वर. दात्यांमधली ढिलाई मग दरवेळी एकाच बाजूला दबलेली राहते.

६ ऑगस्ट

ग्रेन फोकसर स्वतः खरं बोलतो का?

आधी डोळ्याची जुळणी. फोकसरमध्ये एक बारीक रेघ असते. आयपीस फिरवून ती रेघ आपल्या डोळ्याला टोकदार करून घ्यायची, कणांकडे बघायचंच नाही. चष्मा लावून बघणार असू तर जुळणीही चष्मा लावूनच. मग कण फोकसमध्ये आणायचे आणि डोळा किंचित डावीकडे-उजवीकडे हलवायचा. रेघ आणि कण एकत्र हलले तर दोन्ही एका पातळीत आहेत. कण रेघेवरून सरकताना दिसले तर फोकस अजून लागलेला नाही, कितीही टोकदार वाटो.

पण रेघेपासून आरशापर्यंतचं अंतर आणि आरशापासून कागदापर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं आहे का, हे डोळ्याने कळत नाही. त्यासाठी तिरक्या कागदाची चाचणी. २५० मि.मी. लांब पेपरचं एक टोक ४० मि.मी. उंच ठोकळ्यावर, दुसरं ईझलवर, खाली सपाट फळीचा आधार. मध्याची उंची २० मि.मी., म्हणून फोकसर २० मि.मी.च्या ठोकळ्यावर ठेवून मध्यावर फोकस केला. लेन्स पूर्ण उघडी. फोकसर काढला, तिरक्या फळीवर पेपर लावला, प्रिंट काढली.

प्रिंटवर रेघांचा एक पट्टा टोकदार येतो, दोन्हीकडे मऊ होत जातो. पट्टा मध्यावर असेल तर फोकसर खरा. माझा पट्टा खालच्या टोकाकडे १२ मि.मी. सरकलेला. चढ २५० ला ४०, म्हणजे उंचीत जवळजवळ २ मि.मी. फोकसर "लागला" म्हणतो तेव्हा खरं चित्र कागदाच्या २ मि.मी. खाली तयार होतं.

यात थोडा वाटा लेन्सचाही असू शकतो. डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला जास्त दाद देतो; पेपर निळ्याला, आणि मल्टिग्रेड पेपर (फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येणारा) निळ्या-हिरव्याला. लेन्स सगळे रंग अगदी एकाच पातळीत आणत नसेल तर डोळ्याचा फोकस आणि पेपरचा फोकस वेगळे पडतात. कोणाचा वाटा किती हे वेगळं काढायची गरज नाही. या लेन्ससाठी, या फोकसरला मिळून २ मि.मी. हवेत. फोकसरच्या बुडाला २ मि.मी.ची प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली. पुन्हा तिरकी प्रिंट: पट्टा मध्यावर. लेन्स बदलली तर ही चाचणी परत करायची, म्हणून पट्टीवर लेन्सचं नाव लिहून ठेवलं.

९ ऑगस्ट

अ‍ॅपर्चर. फोकस उघड्या लेन्सवर करायचा कारण तिथे सूट कमी, चूक लगेच दिसते. प्रिंट मात्र दोन-तीन पायऱ्या बंद करून. काही लेन्समध्ये पाकळ्या बंद करताना फोकसच किंचित सरकतो. म्हणून एफ/५.६ वर आणून पुन्हा फोकसरमधून बघितलं. चित्र अंधारं होतं, कण शोधायला डोळा अंधाराला सरावावा लागतो. सरक दिसली नाही.

एफ/१६ वर जाऊन "सगळं फोकसमध्ये येईल" असं म्हणण्यात अर्थ नाही. ८ पटींना लेन्सचा एफ-आकडा कागदापाशी ९ पट होतो. १६ चे १४४. तेवढ्या बारीक छिद्रातून प्रकाशाचा ठिपका विवर्तनानेच, म्हणजे छिद्राच्या कडांपाशी प्रकाश वळतो त्यामुळे, जवळजवळ ०.१९ मि.मी.चा पसरतो, आपण धरलेल्या ०.१ च्या दुप्पट. एफ/५.६ वर तो ०.०७ राहतो. प्रिंटा काढून बघितल्या, एफ/५.६ आणि ८ मध्ये फरक सापडत नाही, १६ वर कण सगळीकडे सारखेच मऊ. "सगळीकडे सारखे" ही विवर्तनाची खूण. फोकस चुकला असता तर एक बाजू किंवा मध्य वेगळा पडला असता.

मल्टिग्रेड फिल्टर लेन्सच्या वरच्या कप्प्यात, कंडेन्सरपाशी ठेवतो. लेन्सखाली धरले तर त्यांच्यावरचा प्रत्येक ओरखडा आणि बोटाचा ठसा चित्राच्या वाटेत येतो.

हादरे: टायमरचं बटण टेबलाला जोडलेलं होतं, ते भिंतीवर नेलं. पेपर ठेवल्यावर थोडं थांबून मगच एक्स्पोजर.

१६ ऑगस्ट

१६ × २० इंच. जवळजवळ १७ पट. लेन्स ते कागद ९०० मि.मी., वर्ग २८९. एफ/५.६ वर कागदाला १० मि.मी. सूट, निगेटिव्हला ०.०३५. मोठी प्रिंट जरा लांबून बघतात म्हणून व्यवहारात याच्या दुप्पट धरता येईल, तरीही चित्र तेच: प्रिंट मोठी होते तशी खालची सूट वाढत जाते आणि वरची आवळत जाते. डोकं पार वर नेल्यावर दांडा थोडा पुढे झुकतो, लेसरवर स्पष्ट दिसलं. पण निगेटिव्ह आणि लेन्सचे ठिपके एकत्रच सरकले, एकमेकांपासून नाही. झुकाव फोकसला बाधत नाही. दांड्याचं वरचं टोक भिंतीला बांधलं ते हादऱ्यांसाठी.

एक नवीन अडचण: फोकसरला डोळा लावला की हात नॉबपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि ताणलेल्या हाताने एक अंश फिरवणं अशक्य. प्लायच्या चकतीच्या कडेला खाच पाडून तिच्यावर दोरीचा वेढा घेतला, दोरी खाली ईझलच्या शेजारी एका लहान पुलीवरून फिरवून आणली. दोरी ताणलेली हवी आणि न ताणली जाणारी; नायलॉनची लवचीक निघाली, विणलेली सुती चालली. आता ईझलपाशी बसून दोरी मि.मी.मि.मी.ने ओढता येते.

पहिली मोठी प्रिंट आज धुऊन वाळत घातली आहे. ओली असतानाच भिंगाखाली चारही कोपरे आणि मध्य बघून घेतले, कण पाचही ठिकाणी उभे आहेत. राहिलं आहे ते मध्यम आकाराच्या निगेटिव्हचं काम: ६ × ६ साठी ८० मि.मी.ची लेन्स, तिची वेगळी लेन्स-प्लेट, आणि मोठा काचेचा कॅरियर. सुरुवात लेसरपासून.